भिंतीतला पोर्ट आणि आपला संगणक : एका नियमपत्रकाचं वाचन



अशा व्याख्यानांतून बहुतेक वेळा पुस्तकांवर बोललं जातं. आज आम्ही दीड-दोन पानांच्या एका कागदावर बोलणार आहोत. विद्यापीठातल्या एखाद्या विभागात, मग तो संगणकशास्त्राचा असो, भौतिकशास्त्राचा असो की संख्याशास्त्राचा, तुम्ही आपला संगणक घेऊन गेलात आणि भिंतीतल्या पोर्टात केबल जोडायची परवानगी मागितलीत, की हा कागद समोर येतो. खाली सही करायची असते. सही सगळे करतात, वाचत कुणीच नाही. सगळ्यांना मान्य असलेला आणि कुणीही न वाचलेला मजकूर समीक्षेला अगदी योग्य, असं आमचं मत आहे.

आधी एक खुलासा. 'आपला संगणक' म्हणजे स्वतःच्या पैशाने घेतलेलाच, असं नाही. प्रकल्पाच्या अनुदानातून आलेला, विभागाच्या डेडस्टॉक रजिस्टरवर रीतसर चढलेला संगणकही यात येतो, जर त्याचा रूट पासवर्ड विभागाच्या सिस्टिम अ‍ॅडमिनकडे नसून तुमच्याकडे असेल तर. तेव्हा प्रश्न मालकीचा नाही. प्रश्न आहे कारभाराचा. यंत्राचा कारभारी कोण?

ब्रिटन-अमेरिकेतल्या विभागांची अशी पत्रकं बघा, आपल्याकडची बघा. शब्द वेगळे, सांगाडा तोच. यंत्राचा मॅक पत्ता नोंदवा. जबाबदार व्यक्तीचं नाव लिहा, विद्यार्थी असाल तर मार्गदर्शकांची सही आणा. ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत ठेवा. स्वतःचा राउटर जोडू नका. सर्व्हर चालवू नका. नियमभंग आढळल्यास जोडणी पूर्वसूचनेशिवाय बंद करण्यात येईल.

ही शेवटची ओळ ओळखीची वाटली ना? सरकारी मराठीत वाढलेल्या माणसाला ती ऐकू येते, वाचावी लागत नाही. 'आढळल्यास' म्हणजे कुणाला आढळल्यास? 'करण्यात येईल' म्हणजे कोण करील? पूर्ण कागदात नाव-गाव-फोन असलेला माणूस एकच, तो म्हणजे सही करणारा. बाकी सगळं आपोआप घडतं. आम्ही याला भाषेचा दोष म्हणून सोडून देणार नाही. पुढे याच ओळीकडे परत यायचं आहे. पण त्याआधी या कागदामागची भीती समजून घ्यायला हवी, कारण ती भीती खरी होती.

जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. रात्री दिंडी दरवाजा लावला की आतल्या खोल्यांना कड्या लावायची पद्धत नव्हती. आत आहेत ते सगळे घरचे. १९८० च्या दशकातलं विद्यापीठीय नेटवर्क असंच होतं. बर्कली विद्यापीठातून १९८३ मध्ये ४.२ बीएसडी नावाचं युनिक्स बाहेर पडलं. त्यात एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रात पासवर्डशिवाय जायची सोय होती. त्यामागची समजूत अशी : १०२४ च्या खालचे पोर्ट फक्त रूटला वापरता येतात. निरोप त्या पोर्टावरून आला, म्हणजे तो पलीकडच्या रूटच्या देखरेखीखालच्या प्रोग्रामने पाठवला. आणि रूट म्हणजे पलीकडच्या विभागातला सभ्य, पगारी माणूस, ज्याच्या खिशात मशीन रूमची किल्ली आहे. म्हणून निरोप खरा. त्या काळी ही समजूत मूर्खपणाची नव्हती. व्हॅक्ससारखं यंत्र विद्यार्थ्याच्या खोलीत असणं शक्यच नव्हतं.

मग सन कंपनीची एनएफएस आली, तीही त्याच दशकात. सर्वांच्या फाइली एका सर्व्हरवर, आणि प्रत्येक यंत्र त्या आपल्याच असल्यासारख्या उघडतं. जुन्या, सर्रास वापरल्या गेलेल्या पद्धतीत सर्व्हर एवढंच विचारतो की तुमचा वापरकर्ता क्रमांक काय? यंत्र सांगेल तो क्रमांक सर्व्हर खरा धरतो. आता या वाड्यात स्वतःचा कारभार असलेला संगणक आणून ठेवा. मी माझ्या यंत्रावर रूट आहे. विभागप्रमुखांचा क्रमांक समजा १०१७ असेल, तर त्या क्रमांकाचं खातं मी माझ्या यंत्रावर तयार करतो. झालं! सर्व्हरच्या दृष्टीने मी विभागप्रमुख. प्रश्नपत्रिका, गुण, पत्रव्यवहार, सगळं उघडं. यासाठी हॅकर असावं लागत नाही, अर्ध्या तासाची फुरसत पुरते. त्या काळच्या अ‍ॅडमिनने जर म्हटलं असेल की ज्या यंत्राचा रूट पासवर्ड माझ्याकडे नाही ते माझ्या वायरवर येणार नाही, तर त्याचं शंभर टक्के बरोबर होतं. हे आम्ही मुद्दाम ठासून सांगतो, कारण पुढे आम्ही या पत्रकावर टीका करणार आहोत आणि ती अ‍ॅडमिन मंडळींवरची टीका समजली जाऊ नये.

या अडचणीला दोन उत्तरं शक्य होती. एक, परक्याला वाड्यात घेऊ नका, किंवा घेतलं तर त्याच्या खोलीची किल्ली आपल्याकडे ठेवा. दोन, प्रत्येक खोलीला स्वतःचं कुलूप बसवा. बहुतेक विभागांनी पहिलं उत्तर निवडलं. दुसरं उत्तर एमआयटीमध्ये तयार झालं, आणि ते नीट पाहण्यासारखं आहे.

१९८३ मध्ये डीईसी आणि आयबीएम या कंपन्यांच्या मदतीने एमआयटीत प्रोजेक्ट अथेना सुरू झाला. विद्यार्थ्यांसाठी आवारभर वर्कस्टेशनं ठेवायची. आता आवारभर पसरलेल्या, कुणीही बसावं अशा यंत्रांचं रूट गुपित ठेवणार कसं? अथेनाच्या मंडळींनी तो नादच सोडला. सार्वजनिक वर्कस्टेशनांचा रूट पासवर्ड चक्क सगळ्यांना माहीत असे. मग सुरक्षितता कुठे? ती कर्बेरोसमध्ये. कर्बेरोसची सुरुवातीची धारणाच अशी की वायरवर कुणीतरी ऐकतंय, आणि समोरच्या यंत्राच्या शब्दावर विश्वास ठेवायचा नाही. माणसाने आपली ओळख पटवायची, त्याला काही तासांपुरतं तिकीट मिळणार, आणि मेल असो की फाइल, प्रत्येक सेवेच्या दारात तिकीट दाखवायचं. एसटीच्या कंडक्टरला तुमचं घर कुठलं आणि ते कुणाच्या नावावर आहे याच्याशी कर्तव्य नसतं. तिकीट आहे की नाही, एवढंच तो बघतो. तसंच हे.

जाता जाता सांगतो : या प्रकल्पाच्या तांत्रिक बाजूचे प्रमुख जेरोम सॉल्ट्झर. डेव्हिड रीड आणि डेव्हिड क्लार्क यांच्याबरोबर 'एंड-टु-एंड' युक्तिवाद मांडणारे तेच. खात्रीचं काम दोन टोकांनीच करावं, मधल्या वायरवर सोपवू नये, हा त्याचा गाभा. तात्पर्य, एकाच माणसाच्या डोक्यात दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी होत्या.

आता मूळ पत्रकाकडे पुन्हा बघा. त्यात कुठेही असं विचारलेलं नसतं की आमचा फाइल सर्व्हर अजून यंत्राच्या शब्दावर विश्वास ठेवतो का? ठेवत असेल तर दुरुस्ती सर्व्हरवर व्हायला हवी. ठेवत नसेल तर या निम्म्या अटी कशासाठी? भीतीचं कारण काही ठिकाणी कधीच निघून गेलं आहे, काही ठिकाणी अजून जिवंत आहे, पण कागद दोन्हीकडे तोच. आमचा मुख्य आक्षेप हा आहे. पत्रक ज्या भीतीतून जन्मलं ती भीती ते सांगत नाही. त्यामुळे सही करणाऱ्याला कळत नाही की आपण नेमकं काय सांभाळायचं, आणि पुढच्या अ‍ॅडमिनला कळत नाही की कोणती अट कधी काढून टाकायची.

कुणी म्हणेल, इतिहास कशाला, स्वतः चालवलेली यंत्रं धोकादायक असतात हे उघड आहे. तर दोन तारखा शेजारी ठेवू.

पहिली, २ नोव्हेंबर १९८८. कॉर्नेल विद्यापीठातला विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने लिहिलेला वर्म एमआयटीतल्या यंत्रावरून सुटला आणि तेव्हाच्या इंटरनेटवर पसरला. सेंडमेलमधली एक उघडी राहिलेली डिबगची वाट, फिंगर नावाच्या सेवेतली एक चूक, ४३२ शब्दांची पासवर्डची यादी, आणि शिवाय वाड्यातल्या त्या कड्या न लावलेल्या खोल्या. ज्या यंत्रांवर तो पसरला ती व्हॅक्स आणि सन-३ होती, म्हणजे बहुतांशी विभागांनी आणि प्रयोगशाळांनी नेमलेल्या माणसांच्या कारभारातली. विद्यार्थ्यांच्या खोल्यांतले पीसी तिथे नव्हतेच. पगारी कारभारी असला की यंत्र सुरक्षित, ही समजूत त्या रात्री तुटली. पत्रकांतून मात्र ती अजून गेलेली नाही.

दुसरी, ११ ऑगस्ट २००३. ब्लास्टर. इथे बाजू उलटते. मायक्रोसॉफ्टने त्या चुकीवरचा पॅच १६ जुलैलाच दिला होता. जवळजवळ चार आठवडे हाताशी असूनही लाखो लोकांनी तो लावला नाही. आणि अमेरिकेतली विद्यापीठं नेमकी ऑगस्टच्या अखेरीस सुरू होतात. बाहेरच्या फायरवॉलने वाट अडवली होती, पण घरी लागण झालेला लॅपटॉप पाठीवरच्या सॅकमधून आत आला आणि भिंतीतल्या पोर्टात जोडला गेला. दिंडी दरवाज्यावरचा पहारा काय कामाचा? तेव्हा स्वतः चालवलेल्या यंत्रांची भीती खोटी होती असं आम्ही म्हणत नाही. आम्ही म्हणतो की दोन्ही वेळा घात एकाच गोष्टीने केला, आतला तो आपला या भरवशाने.

आता कलमांकडे येऊ. सगळ्यांवर सारखा वेळ घालवण्याची गरज नाही.

स्वतःचा राउटर जोडू नका, हे कलम निर्विवाद बरोबर. घरचा वाय-फाय राउटर आणून त्याच्या चार पिवळ्या पोर्टांपैकी एकात भिंतीची केबल जोडली, की तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या यंत्रांना आयपी पत्ते वाटू लागतो. आमच्या माहितीतल्या एका विभागात अर्ध्या मजल्याला १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते मिळाले आणि परीक्षेच्या अर्जांच्या दिवशी ऑफिस दुपारपर्यंत ठप्प. ज्याने जोडला त्याचं इंटरनेट मात्र झकास चालू होतं! चांगला स्विच हे रोखू शकतो, तशी सोय असते. पण सगळे स्विच चांगले नसतात. कलम राहू द्या. फक्त त्याखाली हे एक वाक्यात सांगा. कारण समजलेला विद्यार्थी नियम पाळतो, असा आमचा अनुभव आहे.

मॅक पत्त्याचं कलम. हा ४८ बिटांचा पत्ता, त्यातले पहिले २४ बिट कंपनीचे. लिनक्सवर तो एका ओळीच्या आज्ञेने बदलता येतो. म्हणजे ही यादी कुलूप नव्हे. ती हजेरीपट आहे, आणि हजेरी घ्यायला हरकत नाही. पण आता हजेरीही खोटी पडू लागली आहे, आणि कारण मजेशीर आहे. पातळ लॅपटॉपांना इथरनेटचं भोकच उरलेलं नाही. यूएसबीचा डोंगल लावावा लागतो. नोंद होते ती सहसा डोंगलच्या पत्त्याची. डोंगल प्रयोगशाळेत एक आणि वापरणारे तिघे. रजिस्टरच्या मते तिथे एकच संगणक आहे, कधी विंडोज, कधी मॅक, कधी उबुंटू. (हशा) हसा, पण उद्या त्यातल्या एकाने घाण केली तर पत्र ज्याच्या नावाने डोंगल आहे त्याला येणार.

'ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत ठेवा.' ऐकायला किती साधं! हे वाक्य लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लॅपटॉप आहे. त्याने रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत एक चक्कर मारावी. तिथे महागड्या उपकरणाला जोडलेला एक संगणक असतो. त्यावर विंडोज एक्सपी, फार तर विंडोज ७. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, ७ चा १४ जानेवारी २०२० ला. उपकरणाचं सॉफ्टवेअर नव्यावर चालत नाही, आणि नवं सॉफ्टवेअर म्हणजे कधी कधी नवं उपकरणच. आकडे काढायचे तर पेन ड्राइव्ह, आणि पेन ड्राइव्हबरोबर व्हायरस. म्हणून केबल हवी. अशा यंत्राचा कारभारी, म्हणजे बहुधा पीएचडीचा एखादा विद्यार्थी, या कलमाखाली सही करतो तेव्हा तो खोटं लिहितो, आणि अ‍ॅडमिनला ते माहीत असतं. जो कागद प्रामाणिक माणसाकडून खोटी सही घेतो तो वाईट लिहिलेला आहे, असं म्हणायला आम्ही कचरत नाही. अशा यंत्रासाठी वेगळं कलम हवं : हे बाहेर बोलणार नाही, फक्त अमुक एका फाइल सर्व्हरशी बोलेल, तेवढीच वाट उघडी. त्यासाठीचे स्विच नवे घ्यावे लागत नाहीत, व्हीलॅनची सोय असलेले बहुतेक ठिकाणी आहेतच.

'सर्व्हर चालवू नका' या कलमात तर व्याख्याच नाही. रात्रभर चालणारं सिम्युलेशन होस्टेलवरून बघण्यासाठी एसएसएच चालू ठेवलं, तो सर्व्हर झाला. नोटबुक ब्राउझरमध्ये उघडलं, झाला. शब्दशः घेतलं तर संशोधन करणारा प्रत्येक विद्यार्थी गुन्हेगार, आणि म्हणूनच ते कुणी शब्दशः घेत नाही. घेतलं जातं ते कुणावर राग असेल तेव्हा. स्टॅनफर्डमधलं उदाहरण प्रसिद्ध आहे. १९९४ मध्ये जेरी यांग आणि डेव्हिड फिलो या इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगच्या दोन विद्यार्थ्यांनी वेबसाइटींची एक सूची आपल्या वर्कस्टेशनांवर ठेवली. यंत्रांची नावं सुमो पैलवानांवरून, अकेबोनो आणि कोनिशिकी. तीच पुढे याहू झाली. रहदारी इतकी वाढली की १९९५ मध्ये ती विद्यापीठाबाहेर हलवावी लागली. हे उदाहरण देऊन लोक म्हणतात, बघा, सर्व्हरबंदी असती तर याहू झालंच नसतं. आम्ही तसं म्हणणार नाही. विद्यार्थ्यांनी चालवलेल्या यंत्रांतली बहुतेक याहू होत नाहीत, काही तर स्पॅम पाठवण्यापलीकडे काहीच करत नाहीत. या उदाहरणात आम्हाला आवडतं ते वेगळंच : आधी चालू दिलं, भार झाला तेव्हा हलवायला लावलं. क्रम तो हवा.

मार्गदर्शकांच्या सहीबद्दल थोडं जपून बोलावं लागतं, कारण समोर काही मार्गदर्शकही बसलेले दिसतात. यंत्र कसं चाललंय हे बहुधा त्यांना माहीत नसतं. मग त्यांची सही म्हणजे तांत्रिक हमी नव्हे, ती ओळखीच्या माणसाची चिठ्ठी आहे. ज्या विद्यार्थ्याचं मार्गदर्शकाशी बिनसलं त्याची केबलही सुटते. परदेशी असो, आपल्याकडचा असो, प्रत्येक विभागात असा एकतरी विद्यार्थी असतो. आणि पोर्ट गेला म्हणजे फक्त इंटरनेट जात नाही. ते मोबाइलवरही मिळतं. फाइल सर्व्हर जातो, गणनेच्या क्लस्टरची वाट जाते, तीन वर्षांच्या कामापर्यंत पोचायचा रस्ता जातो.

आपल्याकडच्या पत्रकांना आणखी एक पदर आहे. १९८६ मध्ये अर्नेट सुरू झालं तेव्हा त्यात पाच आयआयटी, बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचं एनसीएसटी अशा मोजक्या संस्था होत्या. सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. मधली आणि नंतरचीही बरीच वर्षं बँडविड्थ रेशनच्या साखरेसारखी होती. म्हणून आमच्या पत्रकांत सुरक्षेपेक्षा वाटपाची भाषा जास्त दिसते : किती यंत्रं, कोणती वेळ, कशासाठी. साखर मुबलक झाली तरी रेशनकार्डाचे रकाने तसेच आहेत. त्यावर २८ एप्रिल २०२२ चे सर्ट-इनचे निर्देश आले. सरकारी संस्थांसह अनेकांना सायबर घटना सहा तासांत कळवायची, लॉग १८० दिवस जपायचे. रात्री अकराला घटना कळली तर अ‍ॅडमिनला पहाटे पाचच्या आत सांगावं लागणार की त्या पोर्टावर कोण होतं. त्याला खरं नाव हवं, चालू फोन नंबर हवा. डोंगलचा मॅक पत्ता घेऊन तो काय करील?

म्हणून या साऱ्या कागदात आम्हाला खरोखर मोलाचं वाटतं ते एकच कलम, जबाबदार व्यक्तीचं नाव. आणि नेमकं तेच सर्वांत आळसाने लिहिलेलं असतं. जबाबदार म्हणजे कशाला? पॅच लावायला? रात्री फोन उचलायला? यंत्राने केलेल्या नुकसानीला? पदवी घेऊन तो निघून गेल्यावर टेबलाखाली चालू राहिलेल्या यंत्राला? हे शेवटचं फार महत्त्वाचं. प्रत्येक विभागात असं एखादं अनाथ यंत्र असतं, ज्याचा कारभारी आता तिसऱ्याच देशात नोकरी करतो. पत्रकावर 'या तारखेपर्यंत' असा एक रकाना घातला आणि वर्षातून एकदा मेल पाठवून 'अजून वापरता का?' विचारलं, उत्तर आलं नाही तर पोर्ट बंद केला, तर निम्मी रोगराई जाईल. फुकटात.

आता 'बंद करण्यात येईल'कडे परत. पूर्वसूचनेशिवाय पोर्ट बंद करण्याचा अधिकार अ‍ॅडमिनला हवाच, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. वर्म पसरत असताना नोटीस कसली काढता? पण बंद केल्यानंतरचं काय? विद्यार्थ्याला कळतं ते एवढंच की केबल मेली. तो डोंगल बदलतो, शेजारचा पोर्ट बघतो, लॅब असिस्टंटला विचारतो, तो म्हणतो वर विचारा. दोन दिवस जातात. आणि तेवढ्यात तो काय करतो? मित्राच्या पोर्टात जोडतो. म्हणजे रोगी एका खोलीतून काढला आणि त्याने स्वतःच दुसरी गाठली.

हे कलम आम्ही असं लिहू : 'तुमच्या यंत्रापासून इतरांना धोका दिसला तर नेटवर्क कक्षातील ड्यूटीवरील व्यक्ती तुमचा पोर्ट लगेच बंद करील. बंद करणाऱ्याचं नाव, वेळ आणि कारण त्याच दिवशी तुम्हाला मेलने आणि तुम्ही दिलेल्या फोनवर कळवलं जाईल. यंत्र दुरुस्त करून दाखवलंत की एका कामकाजाच्या दिवसात पोर्ट परत सुरू होईल. तोवर दुसऱ्या पोर्टात जोडू नका. काम अडलं असेल तर विभागाच्या लॅबमधला संगणक वापरा.' चार ओळी आहेत. यात कर्ता आहे, वेळ आहे, परतीचा रस्ता आहे.

यावर एक रास्त हरकत आम्ही ऐकलेली आहे : विभागात अ‍ॅडमिन एकच असतो, तोच प्रिंटर बघतो, तोच प्रोजेक्टर लावतो, त्याच्या नावाने असं वचन दिलं तर तो मरेल. खरं आहे. पण मग पत्रकात एका दिवसाऐवजी तीन दिवस लिहा. आठवडा लिहा. जितका वेळ खरोखर लागतो तितका लिहा, आणि तो कागद विभागप्रमुखांपुढे ठेवा, म्हणजे दुसऱ्या माणसाची जागा मागताना हातात काहीतरी असेल.